मोहिनीच्या मागण्या

"माणसं गारठून मरतीन एक दिवस, अन् ह्या घरात पंखा तेवढा जित्ता राहीन," भागीरथाबाई गोधडीतल्या गोधडीत पुटपुटल्या.

पुटपुटणं गोधडीपुरतंच होतं. पण मधल्या दाराला नुसता पडदा असल्यामुळे ते पलीकडे सुनेच्या कानात नीट जाऊन पोचलं. मोहिनी पलंगाच्या काठावर बसून पदराने मान पुसत होती. मार्गशीर्ष लागला होता, देवळीत लोक कानटोपी घालून दूध आणायला निघाले होते, आणि हिच्या डोक्यावर पंखा पाचावर फिरत होता. शेजारी तिचे यजमान रूपराव दोन ब्लँकेटं, एक शाल आणि मफलर अशा बंदोबस्तात पडून होते. नाकाचा शेंडा तेवढा बाहेर होता.

"बंद करू काय पंखा?" ब्लँकेटातून आवाज आला.

"करा."

रूपरावांनी हात बाहेर काढला, बटण दाबलं आणि हात पुन्हा आत घेतला. तो आत पोचतो न पोचतो तोच मोहिनीने उठून बटण पुन्हा लावलं. रूपरावांनी नाकही आत घेतलं.

मोहिनीला सत्तेचाळिसावं लागलं होतं, आणि उन्हाळ्यापासून तिचं शरीर तिला न विचारता कारभार करू लागलं होतं. कुठूनतरी छातीतून वाफ उठायची, मानेवरून कपाळाला जायची, घामाने पोलकं भिजायचं आणि मग तिलाच थंडी वाजायची. झोप तर भाड्याने आल्यासारखी थोडा वेळ यायची आणि जायची. दुधाचं पातेलं एकदा कपड्यांच्या कपाटात सापडलं. जुनी पोलकी अंगात जाईनाशी झाली. आणि पाळी? पोळ्याला आली ती दसऱ्यापर्यंत फिरकली नाही. मग आली ती नळ फुटल्यासारखी. त्यानंतर पुन्हा गप्प.

हे सगळं सोसवलं असतं. पण तिच्या मोठ्या मावशीचं असंच मागेपुढे सुरू झालं होतं, आणि वर्ध्याला नेलं तेव्हा पोटात गाठ निघाली होती. मावशी राहिली नाही. पंखा फिरत असताना मोहिनीच्या डोक्यात मावशीच फिरायची.

विचारायचं कोणाला? डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता, पण तो नेमका रूपरावांच्या कृषी केंद्रासमोर. तिथे बाकड्यावर बसलं की फवारणीचं औषध न्यायला आलेला प्रत्येक माणूस विचारणार, "काऊन वहिनी, बरं नाई काय?" सासूबाईंना विचारावं, तर ह्या घरात त्या विषयाला शब्दच नव्हता. "बाजूले हाय" एवढं म्हणायचं, तेही डोळ्यांनी.

नागपूरला होस्टेलवर राहून शिकणाऱ्या सुरभीला तिने फोनवर फक्त पोलक्यांचं सांगितलं.

"आई, तू संध्याकाळचं जेवण बंद कर," सुरभी म्हणाली. "काय खायचं ते दिवसा उजेडी खा. साबुदाणा, आलू, साखर बंद. अंडी खा."

"मार्गशीर्षात अंडी?"

"मग मटकी खा, चणे खा, जवस खा. तुझ्या वयात ना..." सुरभी अडखळली. आईच्या वयाबद्दल ती मागे एकदा बोलली होती, तेव्हा आईने अर्धा तास रडून घेतलं होतं आणि कशाला रडली ते कोणालाच कळलं नव्हतं. "म्हणजे, वजनासाठी चांगलं असते. बाबाले नको सांगू. ते हसतीन."

मोहिनीने नाही सांगितलं. आणि तिथेच घोटाळा झाला.

कारण त्याच दुपारी वरणात मीठ पडलं नव्हतं आणि रूपराव म्हणाले होते, "आजकाल तुह्यं घरात लक्षच नसते." संध्याकाळी मोहिनीने सोलेभात केला. तुरीचे हिरवे दाणे घातलेला, वरून तेलाची धार सोडलेला. सगळ्यांना वाढला. आणि स्वतः पाण्याचा पेला घेऊन बसली.

"तू?" रूपरावांनी विचारलं.

"मले नको."

"काऊन?"

"नको म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी रूपराव अर्ध्या जेवणावरून उठले. सोलेभातासमोर त्यांची बायको लग्न झाल्यापासून कधी नुसतं पाणी घेऊन बसली नव्हती. ते तडक शेजारच्या बंडूजींकडे गेले.

बंडूजी म्हणजे देवळीच्या तहसीलसमोर जेवढी म्हणून उपोषणं झाली, त्या प्रत्येकात मांडी घालून बसलेला माणूस. रस्त्यासाठी बसले, विजेसाठी बसले, बस थांबण्यासाठी बसले, आणि एकदा चुकून विरुद्ध पक्षाच्या मंडपात बसले तर तिथलंही उपोषण त्यांनी मन लावून पूर्ण केलं. सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे तिथे माणूस जेवला नाही तर आधी त्याची मागणी विचारतात, मग तब्येत.

"जेवत नाई म्हंता?" बंडूजींनी चष्मा पुसला.

"संध्याकाळी नाई जेवत. दुपारी जेवते."

"साखळी असन."

"एकटीच हाय ना बाप्पा. साखळी कशी असन?"

"मग लाक्षणिक हाय. मागणी काय?"

"काईच नाई म्हंते."

बंडूजी गंभीर झाले. "हे वाईट. सांगतलेल्या मागणीचं उपोषण सुटते, रूपरावजी. न सांगतलेल्या मागणीचं चिघळते. तुमीच आठवा, काय काय बाकी ठेवलं हाय."

रूपराव आठवू लागले. एवढं सगळं आठवेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. मिक्सर तीन भांड्यांचा घेऊ म्हणाले होते, घेतला नाही. साळ्याच्या घरभरणीला गेले नाहीत. आणि लग्नाच्या पहिल्या वर्षी सासुरवाडीच्या वडाभाताला "वडे दगडासारखे" असं भरल्या पंगतीत म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी मिक्सर आला.

"हा कायले आणला?" मोहिनीने विचारलं.

"तुले पायजे होता ना."

"कवा?"

"बरं, आणखी काय पायजे? मनमोकळं सांग."

मोहिनी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. हा माणूस इतका गोड का बोलतो आहे? वर्ध्याला नेल्यावर मावशीशीही काका असेच बोलू लागले होते. आपल्याला काय झालंय हे ह्यांना कळलं तर नाही?

"मले काई नको," ती म्हणाली आणि तोंड फिरवून आत गेली.

ते उत्तर ऐकून बंडूजींनी मान हलवली. "मिक्सर नामंजूर झाला. आता एकच उपाय. तुमीबी सोडा संध्याकाळचं. समोरचा उपाशी दिसला की माणसाचं मन वितळते."

रूपरावांनी सोडलं. म्हणजे घरी सोडलं. दुकान बंद करताना कोपऱ्यावरच्या गाडीवर ते दोन प्लेट तर्रीपोहे खाऊन घेत आणि घरी येऊन मोहिनीसमोर पाण्याचा पेला घेऊन बसत. मोहिनीचं मन वितळलं नाही. ती आणखी घाबरली. नवऱ्याची भूक मेली, म्हणजे आपलं काही खरं नाही.

आता भागीरथाबाईंनी काय समजावं? मुलगा आणि सून दोघंही मार्गशीर्षात दिवे लागल्यावर अन्नाला शिवत नाहीत, समोरासमोर पाणी पीत बसतात आणि एकमेकांकडे काळजीने पाहतात. त्यांनी सरळ अर्थ काढला. नवस. सुरभीच्या लग्नाचा. जोडीने बोलला आहे आणि नवस बोलून दाखवला तर फळत नाही, म्हणून गप्प आहेत. मग आपणही विचारू नये. विचारू नये, पण उपासाला बळ तर द्यावं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून मोहिनीच्या पानात साबुदाण्याची उसळ आली. त्यानंतर भगर आणि दाण्याची आमटी. त्यानंतर शिंगाड्याचा शिरा, तूप सुटलेला.

"आत्याबाई, एवढं नका करत जाऊ."

"खाय. मी काई इचारत नाई, अन् तू काई सांगू नको."

सासूबाईंनी शहात्तराव्या वर्षी आपल्या हाताने केलेला शिरा नाही म्हणायची मोहिनीची हिंमत नव्हती. ती खात गेली.

"किती कमी झालं?" सुरभीने फोनवर विचारलं.

"वाढलं."

"असं कसं वाढीन?"

"मले काय माहीत. मले आता कशाचंच काई माहीत नाई."

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी लक्ष्मीचं उद्यापन असतं. त्यालाच नवसाचंही उद्यापन जोडून टाकावं, असं भागीरथाबाईंनी ठरवलं. फक्त एक अडचण होती. सून त्या दिवशी पूजेला चालायला हवी. तांदूळ निवडता निवडता त्यांनी खाली पाहूनच विचारलं.

"तुही तारीख कवा असते?"

मोहिनीच्या हातातलं ताट थांबलं. "आता तारीख असं काई राह्यलं नाई, आत्याबाई."

"म्हंजे?"

"कवाबी येते. नाई तर येतच नाई."

भागीरथाबाईंनी मान वर केली. सुनेच्या घामेजलेल्या कपाळाकडे पाहिलं, वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, पुन्हा सुनेकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात काहीतरी आलं. मोहिनी वाट पाहत राहिली. आता ह्या काहीतरी सांगतील असं तिला वाटलं. गाठ म्हणतील, नाहीतर नाही म्हणतील. काहीही म्हणू देत, पण म्हणू देत.

"यंदा तांदळात खडे लय हायेत," भागीरथाबाई म्हणाल्या आणि सूप घेऊन अंगणात गेल्या.

उद्यापनाला सवाष्णी सांगायच्या म्हणून त्यांनी पलीकडच्या धुरपताबाईंना नवसाचं सांगितलं, कोणाला न सांगण्याच्या अटीवर. धुरपताबाईंनीही तीच अट घालून पुढे सांगितलं. गुरुवारच्या आदल्या दिवशी नाचणगावच्या एका अनोळखी बाईने नागपुरात सुरभीला फोन करून तिची उंची विचारली. सुरभीने गुरुवारी दुपारची बस धरली.

इकडे बंडूजींनीही गुरुवारच धरला होता. त्यांच्या मते शुभ दिवशी सोडवलेलं उपोषण पुन्हा बसत नाही. रूपरावांना त्यांनी बजावलं, "चारचौघांत मागण्या मान्य करा, मी लिंबूशरबताचा ग्लास देतो, सुटलं."

गुरुवारी संध्याकाळी समोरच्या खोलीत एकीकडे चौरंग, कलश आणि हळदीकुंकवाला आलेल्या बाया, आणि दुसरीकडे सतरंजीवर बंडूजी आणि त्यांच्या उपोषण समितीचे दोन सभासद, मध्ये झाकण ठेवलेला शरबताचा ग्लास. बायांना वाटलं पुरुष जेवायला आले आहेत. पुरुषांना वाटलं महिला आघाडी पाठिंब्याला आली आहे. दोन्हीकडून आदराने नमस्कार झाले.

आणि आत मोहिनी मोरीच्या दाराला टेकून उभी होती. इतके दिवस नसलेली पाळी चौरंग मांडून झाल्यावर आली होती, नळ फुटल्यासारखीच. कलशाला हात लावायचा नाही, पूजेला बसायचं नाही, आणि का ते बाहेर बसलेल्या पुरुषांदेखत सांगायचं नाही. सासूबाईंना डोळ्यांनी सांगावं तर त्या समोरच्या खोलीत, पाठ करून.

"मोहिनी, ये वो, पाटावर बस," भागीरथाबाईंनी हाक दिली.

मोहिनी दारापर्यंत आली. उंबऱ्याच्या आतच थांबली.

"मी नाई बसत."

पाटाजवळच्या बायांनी माना वळवल्या.

"चर्चा फिसकटली," बंडूजी समितीच्या कानात म्हणाले.

रूपराव उठले. त्यांनी सगळ्यांसमोर बायकोला हात जोडले. "हे पाह्य, मिक्सर आणला. तुह्या भावाकडे आपून उद्याच जाऊ. अन् त्या वडाभाताची मी आज चार लोकांत माफी मागतो. वडे चांगले होते."

"कोन्ते वडे?" मोहिनी म्हणाली.

तेवढ्यात खांद्यावर बॅग घेऊन सुरभी दारात आली. चपला काढायच्या आधी तिने विचारलं, "माह्या लग्नाचा नवस कोनं केला?"

"नवस?" रूपराव आईकडे वळले.

"मंग उपास कायचे धरले तुमी?" भागीरथाबाई म्हणाल्या.

"मी हिच्या पाठिंब्यात धरले. ही उपोषणाले बसली म्हणून."

"मी कवा बसली?" मोहिनीने विचारलं.

"मग जेवत काऊन नाई?"

"सुरभीनं सांगतलं म्हणून."

सगळ्या खोलीने सुरभीकडे पाहिलं.

"मी वजनासाठी सांगतलं," सुरभी बॅग छातीशी धरून म्हणाली. "तीच म्हणे, पोलकी होत नाई."

"पोलकी काऊन होत नाई?" रूपरावांनी विचारलं, आणि सगळी खोली पुन्हा मोहिनीकडे वळली.

आता सांगायला हवं होतं. मोहिनीने तोंड उघडलं आणि नेमकी तेव्हाच छातीतून वाफ उठली. चेहरा लालबुंद झाला. कपाळावर घामाचे थेंब फुटले, केस मानेला चिकटले, आणि तिने दोन्ही हातांनी चौकट धरली. बाहेर इतकी थंडी होती की बायांनी स्वेटरवरून पदर घेतले होते.

धुरपताबाईंनी हळूच हात जोडले. "आली," त्या म्हणाल्या.

"कोन आली?" समितीतल्या एकाने विचारलं.

"देवी. भागीरथाबाईच्या अंगात यायची ना, तशीच. डिट्टो."

ही गोष्ट त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होती. तीसेक वर्षांपूर्वी, मोहिनी ह्या घरात यायच्या आधी, भागीरथाबाईंच्या अंगात दीड-दोन वर्षं देवी येत असे. चेहरा असाच लाल व्हायचा, भर थंडीत विहिरीवर जाऊन अंगावर गार पाणी घ्यायच्या, आणि जे बोलतील ते लोक डोक्याला लावून जायचे. नंतर देवी आपोआप थांबली. पण मान थांबला नाही. आजही नवरात्रात पहिला नारळ त्यांच्या उंबऱ्यावर फुटायचा, आणि धुरपताबाई त्यांच्या आधी कधी चहा पीत नसत.

बाया भराभर पुढे सरकल्या. एकीने मोहिनीच्या कपाळाला कुंकू लावलं, ते घामाने नाकावर उतरलं. दुसरीने ओटी भरली. धुरपताबाईंनी गुडघ्याबद्दल विचारून घेतलं.

"माय, ऑपरेशन करू का तेल लावू?"

"मले काय माहीत," मोहिनी कशीबशी म्हणाली.

"तेल म्हंते," धुरपताबाईंनी मागे सांगितलं.

बंडूजींनी शरबताचा ग्लास खाली ठेवला, टोपी काढली. आयुष्यभर अधिकाऱ्यांसमोर ताठ बसलेला तो माणूस एकदम लेकरासारखा झाला. "माह्यं लग्न ह्याच खोलीत ठरलं," ते समितीला सांगू लागले. "घरच्यांनी पाह्यली होती पुलगावची. बाईच्या अंगात आली अन् देवीनं सांगतलं, हिंगणघाटची कर. केली मी. एवढी वर्षं झाली, कधी शब्द काढला नाई. देवीनं देल्ली म्हणून."

मोहिनी हळूहळू उंबऱ्यावर खाली बसली. तिच्या मांडीवर नारळ होता, नाकावर कुंकू होतं आणि डोळ्यांत पाणी होतं. ह्या सगळ्या गर्दीत तिने एकाच माणसाकडे पाहिलं.

"आत्याबाई," ती इतक्या हळू म्हणाली की बायांनी ऐकायला श्वास धरला, "नळ फुटल्यासारखं अंगावरून जाऊन राह्यलं. माह्या मावशीसारखं तर नाई ना झालं मले? मी मरत तर नाई ना?"

भागीरथाबाई हातात कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या होत्या. समोर धुरपताबाईंचे जोडलेले हात होते. बंडूजींची काढलेली टोपी होती. आणि उंबऱ्यावर ही सून, जी त्या दिवशी उत्तराची वाट पाहून तांदळाचे खडे ऐकून राहिली होती. म्हातारीने करंड्याचं झाकण लावलं. तो चौरंगावर ठेवला. मग कमरेत वाकून मोहिनीच्या शेजारी उंबऱ्यावर बसली आणि आपल्या पदराने तिचं नाक पुसलं.

"मरत गिरत नाई तू," त्या म्हणाल्या. "तरी उद्या आपून दोघी डॉक्टरीणबाईकडे जाऊ. येवढं अंगावरून जाते, ते दाखोलं पायजे."

धुरपताबाई दचकल्या. "बाई, देवी अंगात असताना दवाखान्याचं नाव काढू नये."

"देवी नोय वो धुरपते," भागीरथाबाई म्हणाल्या. "तिची पाळी जाऊन राह्यली. वय झालं का जाते बाईची. जाताना असा जाळ होते अंगाचा, झोप येत नाई, रडू येते, काईच सुचत नाई. त्याच्यात काई पाप नाई अन् काई चमत्कारबी नाई."

रूपराव भिंतीकडे पाहू लागले. समितीचे दोन्ही सभासद सतरंजीचा काठ निरखू लागले. सुरभीने बॅग खाली ठेवली आणि आईच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.

बंडूजी तेवढे टोपी हातात धरून तसेच उभे होते. त्यांच्या कपाळावर एक एक आठी चढत गेली.

"पण बाई," ते शेवटी म्हणाले, "तुमच्या अंगात तर देवीच आल्ती ना? नाई म्हंजे, माह्यं लग्न..."

भागीरथाबाईंनी सुनेच्या मांडीवरचा नारळ उचलून त्यांच्यापुढे धरला.

"माहीबी पाळीच चालली होती, बाप्पा."